स्टेडियमचं महागडं तिकीट की सभागृहातली पुढची रांग?

जानेवारी 2025मध्ये कोल्डप्ले (ब्रिटिश रॉक बँड) नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आलं, तेव्हा तिकिटं 2,500 रुपयांपासून 35,000पर्यंत होती. जळगाव-भुसावळकडच्या माणसाला त्यावर चारशे किलोमीटरहून जास्त रेल्वेप्रवास आणि रात्रीचा मुक्काम.

एवढं मोजून कानाला काय मिळतं? स्टेडियममध्ये आवाज सगळ्यांनाच स्पीकरमधून येतो. स्टेजला खेटून उभं राहिलं तर बासचा दणका छातीवर बसतो आणि गायकाचे शब्द त्यात बुडतात. सगळ्यात समतोल आवाज असतो साउंड इंजिनिअरच्या मिक्सरपाशी, म्हणजे बराच मागे. महाग तिकीट जवळीक देतं, चांगला आवाज देईलच असं नाही. आवडत्या कलाकाराला जवळून पाहायचं आयुष्यभराचं स्वप्न असेल तर खुशाल घ्या, पण ईएमआयवर नको.

सभागृहाचं गणित उलटं आहे. जळगावात जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. अशा मैफलीत पुढे बसलं की तबलजीची बोटं दिसतात, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना गायकाने साथीदाराकडे टाकलेली नजर दिसते, तानेआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. शेवटच्या रांगेत यातलं निम्मंही पोचत नाही. शास्त्रीय मैफलीत पुढच्या जागेसाठी चार पैसे जास्त पडले तरी मी बिनधास्त देईन.

पोरं म्हणतील, हजारोंनी एकत्र गायचा थरार सभागृहात कुठे? खरंय. पण तो थरार 2,500च्या तिकिटातही तेवढाच मिळतो.