माझ्याच डिझाइनची छोटी गाडी हातात ठेवून मला 46,680 रुपयांना फसवलं

नाशिकला द्वारका सर्कलपासून थोडं आत माझं रेडियमचं दुकान आहे. ट्रकच्या मागचे मजकूर, पिकअपच्या काचेवर देवाचं नाव, मोटारसायकलच्या टाकीचे पट्टे, टेम्पोवर फर्मचं नाव आणि मोबाइल नंबर, हे काम मी 16 वर्षं करतोय. नंबर प्लेटचंही करायचो. एचएसआरपी, म्हणजे सरकारमान्य हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, आल्यापासून ते जवळपास बंद पडलं आणि महिन्याची ठरलेली कमाई गेली. हे आधी सांगतो, कारण ज्यांनी मला फसवलं त्यांनी असेच लोक हेरले होते. आपल्या धंद्यातल्या आणखी तिघांना, एक सिडकोतला, दोघे मालेगावकडचे, तोच फोन आल्याचं कळलं, म्हणून लाज बाजूला ठेवून सगळं लिहितोय.

मला लहानपणापासून छोट्या धातूच्या गाड्यांचं वेड आहे. 1:64 मापाच्या, तळहातात मावणाऱ्या. बहुतेक लोक गाड्या जमवतात. मी गाडीवरचं काम बघतो. दारावरचा पट्टा कुठे संपवलाय, आकडा चाकाच्या कमानीला किती जवळ नेलाय, रंग कुठे वाचवलाय. आणि ज्यांनी हे केलं त्यांची नावं मला पाठ आहेत. हॉट व्हील्स या अमेरिकी खेळण्यातल्या गाड्यांच्या ब्रँडच्या 1968 सालच्या पहिल्या 16 पैकी बहुतेक गाड्यांमागे हॅरी ब्रॅडली होते, जनरल मोटर्समधून आलेले. 1969 साली लॅरी वुड आले आणि चाळीसहून अधिक वर्षं गाड्या काढत राहिले. ज्वाळेचं चिन्ह रिक आयरन्स यांचं. आणि ज्या पुठ्ठ्यावर गाडी चिकटवलेली असते, त्यावरची सुरुवातीच्या काळातली धावत्या गाड्यांची चित्रं ओटो कुनी यांची. पोरं पुठ्ठा फाडून फेकून देतात. मला त्या माणसाचं फार वाटतं. मीही अशाच वस्तूवर काम करतो जी पाऊस-उन्हात दोन वर्षांत उडून जाते आणि खाली माझं नाव नसतं.

हे सगळं मी फेसबुकवर लिहायचो. कुठल्या गाडीचं डिझाइन का आवडलं, हॉट व्हील्सचे डिझायनर जून इमाई यांची डॅटसन 510 वॅगन इतकी ऐटदार का वाटते, तिथलेच डिझायनर रियू असादा 2021 साली वारले तेव्हा काय वाटलं, असं. समोरच्याने ते सगळं वाचलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी श्रावणात फोन आला. स्वच्छ मराठी, वागणं अदबीचं. "दादा, तुमचं ओटो कुनींवरचं लिखाण वाचलं. असं बघणारा माणूस आम्हाला महाराष्ट्रात दुसरा सापडला नाही." तो स्वतःला भारतातल्या कलाकारांचा कोऑर्डिनेटर म्हणवत होता. एका मोठ्या कंपनीचं नाव घेतलं. ते इथे लिहीत नाही, कारण त्या कंपनीचा यात काही संबंधच नव्हता. भारतासाठी सहा गाड्यांची खास मालिका निघणार, प्रत्येक गाडी एका शहराची, ग्राफिक तिथल्याच रस्त्यावरच्या कलाकाराचं, असं तो म्हणाला. नाशिकसाठी तुम्ही. पुठ्ठ्याच्या मागे तुमचं नाव छापणार.

पुठ्ठ्याच्या मागे नाव. माझ्यासाठी तेवढंच पुरे होतं.

नोंदणीचे 1,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,180 रुपये भरले. रीतसर बिल आलं, त्यावर 15 अक्षरी जीएसटी क्रमांक. पत्ता अंधेरीचा आणि क्रमांकाची सुरुवात 24 ने. महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होतो, 24 गुजरातचा. माझ्या स्वतःच्या बिलबुकावर रोज 27 छापलेला दिसतो मला. तरी नजर त्यावरून सरकली. पुढे जीएसटीच्या साइटवर तो क्रमांक टाकून पाहिला, तर तो सुरतेच्या एका कापड दुकानाचा निघाला. तपासायला एक मिनिट लागतं आणि पैसे लागत नाहीत.

मग ब्रीफ, म्हणजे काम कसं हवं ते सांगणारा कागद, आला. डिलिव्हरी व्हॅनची रेघांची आकृती, डावी बाजू, उजवी बाजू, टप, मागचं दार. लिहिलं होतं की सर्व बाजू वापरा, रंग कितीही चालतील, मनमोकळं काम करा. मी 12 रात्री बसलो. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे घड, हिरव्यापासून सोनेरी आणि पुढे जांभळ्यापर्यंत चढत जाणारे. टपावर रंगपंचमीच्या रहाडीतून, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदातून, उडणारं पाणी. मागच्या दारावर 'सप्तशृंगी माता प्रसन्न'. हा मजकूर नाशिकच्या रस्त्यावर रोज शंभर गाड्यांवर दिसतो आणि निम्म्या गाड्यांवर 'श्रृंगी' असा चुकीचा लिहिलेला असतो. मी कधी तसा कापत नाही. 'शृं' हाताने काढलं, शच्या पोटातून ऋकाराची मात्रा खाली वळवून थोडी लांब ओढली, वाळलेल्या वेलीच्या टोकासारखी. ते अक्षर माझं आहे. कुठेही दिसलं तर मी ओळखीन.

त्याने कोरलड्रॉची ओपन फाइल मागितली, म्हणजे जिच्यात कुणालाही बदल करता येतात ती मूळ सीडीआर फाइल. मी दिली. सोबत दोन पानी करार होता, इंग्रजीत, सर्व हक्क त्यांचे. सही करून पाठवला.

आठवड्याने फोन आला की निवड झाली. सॅम्पलच्या प्लेटसाठी 18,500 रुपये अनामत, मालिका बाजारात आली की परत. बायको म्हणाली, "काम आपण केलं आणि पैसे पण आपणच द्यायचे?" मी तिला समजावलं की एवढ्या मोठ्या कंपन्यांची पद्धत अशीच असते. कुठल्या आधारावर समजावलं, हे आज मला सांगता येत नाही.

आणि मग कुरिअर आलं. बबल रॅप, आत अ‍ॅक्रिलिकची डबी, आत माझी व्हॅन. सात सेंटिमीटरची. द्राक्षं होती, रहाड होती, आणि मागच्या दारावर चार मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत माझं 'शृं', मात्रा खाली वळलेली. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांना थांबा म्हणालो आणि आत जाऊन डोळे पुसले. हे लिहायला अवघड जातंय, पण लिहायला हवं. ती गाडी बघितल्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. मुलाने ती शाळेत नेली. आईने देव्हाऱ्यात ठेवून कुंकू लावलं.

तिसऱ्या दिवशी त्याने 27,000 मागितले, प्री-प्रॉडक्शनच्या 50 प्रतींचा माझा वाटा म्हणून. त्याच संध्याकाळी भरले. आणखी दहा दिवसांनी लायसन्सिंगचे 60,000 मागितले. तेवढे नव्हते, म्हणून सातपूर एमआयडीसीत पॅड प्रिंटिंगचं युनिट असलेल्या मित्राकडे उसने मागायला गेलो. दाखवायला गाडी नेली होती.

त्याने पैशांचं विचारलंच नाही. गाडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि म्हणाला, "हे पॅडचं काम नाही."

इथे जरा थांबून सांगतो. कारखान्यात या गाड्यांवरची छपाई पॅडनेच होते, तिला टॅम्पो म्हणतात. कोरलेल्या प्लेटमध्ये शाई भरतात, मऊ सिलिकॉनचा पॅड ती उचलतो आणि गाडीच्या बाकदार अंगावर टेकवतो. पेनच्या टोपणावर, स्विचवर आपल्याकडे हेच होतं. एका रंगाला एक प्लेट, एक ठसा. बाजू बदलली की पुन्हा सगळं नव्याने. प्रत्येक ठशाला वेळ आणि पैसा लागतो. म्हणून खऱ्या कंपनीतल्या ग्राफिक डिझायनरचं अर्धं कौशल्य ठसे वाचवण्यात असतं. रोजच्या स्वस्त गाडीला बऱ्याचदा दोन्ही बाजूंनाच छपाई असते, किंवा फक्त टपाला. गाडीचा मूळ रंगच डिझाइनमध्ये एक रंग म्हणून वापरतात. मी ज्यांना इतकी वर्षं मानत आलो, त्यांची हुशारी नेमकी ह्यात आहे.

मित्राने माझ्या द्राक्षांतले रंग मोजले. अकरा. "चढत्या रंगाच्या अकरा प्लेटा, चार बाजू, आणि दोनशेच्या आतल्या गाडीवर? ज्याने रंग मोजून घ्यायला सांगितलं नाही, तो छापणारच नव्हता."

मग त्याने भिंग दिलं. दार आणि बॉडीमध्ये जी बारीक खाच असते, तिच्यावरून एक पारदर्शक पापुद्रा सरळ पलीकडे गेला होता, आणि त्याच्याखाली हवा अडकून पांढुरकं दिसत होतं. शाई अशी पूल बांधत नाही. चाकाच्या कमानीपाशी त्याने नख लावलं आणि द्राक्षाच्या घडाचं टोक उचललं गेलं. वॉटरस्लाइड डेकल, पाण्यात भिजवून सरकवून लावतात ते. गाडी उलटी केली. तळाचे दोन्ही रिव्हेट ड्रिलने कापून आत काळा गोंद भरलेला होता. म्हणजे दुकानातली साधी गाडी विकत घेऊन, उघडून, रंग उतरवून, पुन्हा रंगवून, माझ्याच फाइलची डेकल छापून लावलेली. हौशी लोक अशा कस्टम गाड्या करतात, ती सुंदर कला आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण कारखान्याचं सॅम्पल म्हणून ती माझ्या हातात ठेवली होती. त्यांचा खर्च फार तर हजार रुपये झाला असेल.

घरी येताना त्र्यंबक रोडवर गाडी बाजूला लावून बराच वेळ बसून राहिलो.

त्यानंतर पाच आठवडे मी कुणाला काही बोललो नाही, आणि हीच माझी सगळ्यात मोठी चूक. 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम थोपवता येण्याची शक्यता असते. मी केला तेव्हा पैसे चार खात्यांतून फिरून काढले गेले होते. शेवटच्या खात्यात 2,140 रुपये गोठवलेले मिळाले. ऑनलाइन तक्रार झाली, जबाब झाला, पैसे पाठवल्याचे बँकेचे यूटीआर क्रमांक, बिलं आणि चॅट सगळं दिलं. तपास चालू आहे.

पैशांपेक्षा जास्त लागलं ते पुढे. कस्टम गाड्या करणाऱ्या एका मुलाने डेकलची शीट दाखवली, 250 रुपयांना ऑनलाइन घेतलेली. नाव होतं 'इंडियन ट्रक आर्ट'. त्यावर अमृतसरच्या धाटणीचं एक डिझाइन होतं, कोल्हापूरचं वाटावं असं एक, आणि तिसऱ्या रांगेत माझं 'शृं'. म्हणजे फी हा वरचा पैसा होता, खरा माल आमच्या ओपन फाइली. त्या शीटवर किमान सहा वेगवेगळे हात मला दिसतात. त्या सगळ्यांना कदाचित अजून वाटत असेल की मालिका उशिरा निघतेय.

वकिलांनी कराराबद्दल एक उपयोगी गोष्ट सांगितली. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लिहून देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. माझ्या करारात दोन्ही नव्हतं. शिवाय फसवून घेतलेल्या सहीचा मुद्दा वेगळा आहेच. तेव्हा सही झाली म्हणून सगळं संपलं असं समजून गप्प बसू नका.

कंपन्यांचे डिझायनर पगारी असतात. हॉट व्हील्सचं काम कॅलिफोर्नियात एल सेगुंडोला चालतं. लॅरी वुड फोर्डमध्ये काम करून मग तिथे गेले, नोकरीला गेले, आणि त्यांनी गाडी काढायला कुणाला अनामत भरली नव्हती. हे मला आधीही माहीत होतं. बाहेरच्याकडून काम घेतलं तरी पैसा कंपनीकडून कलाकाराकडे येतो. तो उलटा वाहायला लागला की कितीही गोड मराठी असली तरी फोन ठेवा. नमुना म्हणून पाठवायचाच असेल तर लहान जेपीजी पाठवा, मधोमध आपलं नाव टाकून. सीडीआर आपल्या मशीनमधून बाहेर जाता कामा नये, गिऱ्हाइकाला द्यायचीच तर पूर्ण पैसे आल्यावर.

त्या माणसाचा नंबर आता बंद आहे. मालेगावच्या मुलाला आलेला ब्रीफ मी पाहिला. कंपनीचं नाव दुसरं, शहर मालेगाव, पण व्हॅनची आकृती तीच. उजव्या बाजूच्या चित्रात डिझेलचं झाकण डावीकडचं तसंच उलटवून ठेवलंय, म्हणजे ते दोन्ही बाजूंना दिसतं. खाली तीच ओळ, रंग कितीही चालतील. त्याचे 1,180 गेलेत, पुढचे वाचले.

असा कागद तुमच्याकडे आला असेल तर दुकानावर घेऊन या. संध्याकाळी सहानंतर मी मोकळा असतो. व्हॅन काउंटरच्या खणात आहे, भिंगही तिथेच ठेवलंय. पापुद्रा कुठे सुटलाय ते प्रत्यक्ष दाखवतो.