डीव्हीबी-टी२ सेट-टॉप बॉक्स : जुन्या टीव्हीला नवे आयुष्य देणारा, पण पाहून घ्यावा असा

टॉवरवरून होणारे प्रक्षेपण डीव्हीबी-टी या जुन्या मानकावरून डीव्हीबी-टी२ वर गेले की धडधाकट टीव्हीही अँटेनावरचे चॅनेल दाखवेनासा होतो, कारण त्याच्या आतल्या ट्यूनरला नवे सिग्नल उलगडताच येत नाहीत. अशा टीव्हीसाठी घेतलेला हा छोटा सेट-टॉप बॉक्स काही आठवडे वापरल्यानंतर मी त्याच्या बाजूने मत देईन, मात्र दोन गोष्टी आधी तपासूनच.

पहिली गोष्ट एचईव्हीसीची, म्हणजे चित्र दाबून कमी जागेत भरण्याच्या एका पद्धतीची. डीव्हीबी-टी२ हे सिग्नल वाहून नेण्याचे मानक आहे. त्या सिग्नलमधले चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहे, हा प्रश्न वेगळा. जर्मनीत मार्च २०१७ मध्ये नवे प्रक्षेपण सुरू झाले ते एचईव्हीसीसह, त्यामुळे केवळ ‘टी२’ असे छापलेले, पण एचईव्हीसी न समजणारे बॉक्स तिथे निरुपयोगी ठरतात. माझ्या बॉक्समध्ये ही सोय आहे, पण खोक्यावर तिचा उल्लेख इतक्या बारीक अक्षरांत आहे की तो शोधावा लागतो, आणि ज्या माहितीवर सगळी खरेदी अवलंबून आहे ती अशी दडवणे मला अजिबात पटत नाही.

दुसरी गोष्ट अँटेनाची. नव्या मानकासाठी नवा अँटेना लागतो असे सर्रास सांगितले जाते, पण वारंवारतेचा पट्टा तोच असेल तर जुना यूएचएफ (टीव्ही प्रक्षेपणाच्या उच्च वारंवारतेच्या पट्ट्याचा) अँटेना उत्तम चालतो. बॉक्सच्या मेनूमध्ये ‘अँटेना पॉवर’ नावाचा पर्याय असून तो सुरू केल्यावर केबलमधूनच अँटेनाच्या बूस्टरला, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या उपकरणाला, पाच व्होल्ट मिळतात. हा पर्याय मुळात बंद असतो आणि माहितीपत्रकात त्याविषयी एक ओळही नाही; बूस्टर असलेल्या माणसाला एकही चॅनेल सापडत नाही आणि तो बॉक्सलाच दोष देतो. सिग्नल दाखवणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी ताकदीच्या पट्टीकडे नव्हे, गुणवत्तेच्या पट्टीकडे पाहून अँटेना फिरवावा. टॉवर जवळ असेल तर बूस्टरमुळे ताकद वाढते, पण गुणवत्ता घसरते, आणि तेव्हा बूस्टर काढून टाकणेच बरे.

चित्राबद्दल मात्र मनापासून समाधान आहे. ब्रिटनमध्ये २००९ अखेरीस टी२ आले तेव्हा वारंवारतेच्या आठ मेगाहर्ट्झ रुंद अशा ज्या जागेत सेकंदाला सुमारे २४ मेगाबिट माहिती मावत होती, तिथे सुमारे ४० मेगाबिट मावू लागली. एचडीला जागा मिळाली ती या वाढीमुळे. बातम्यांखालून सरकणारी अक्षरे आता कडेला फाटत नाहीत, आणि मैदानावर कॅमेरा वेगाने फिरला तरी गवताचा हिरवा लगदा होत नाही. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात सिग्नल कमजोर झाला की पडद्यावर मुंग्या येत, तरी कार्यक्रम कळत असे. इथे मात्र चित्र चौकोनांत फुटते आणि लगेच नाहीसे होते, म्हणून अँटेना बसवताना घेतलेले कष्ट वाया जात नाहीत.

एचडीएमआय नसलेल्या टीव्हीसाठी पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची जोडणी दिली आहे, ती चालते. तिच्यातून एचडीची अपेक्षा ठेवू नये. रिमोट ठीक. पुन्हा चॅनेल स्कॅन केल्यावर आवडत्या चॅनेलची यादी पुसली जाते, आणि संक्रमणाच्या काळात वारंवारता बदलत असल्याने स्कॅन तर वरचेवर करावे लागते. उत्पादकाने पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी ही त्रुटी दूर करावी.