रबरी तळाचे वेडिंग बूट: फेल्ट सोडल्यानंतरचा अनुभव

एक अख्खा हंगाम आणि पुढच्या हंगामाचा बराचसा भाग मी रबरी तळाचे वेडिंग बूट, म्हणजे पाण्यात उतरून मासेमारी करताना घालायचे बूट, वापरते आहे. नवे बूट पहिल्या काही दिवसांत सगळ्यांनाच आवडतात. शिवणी ओढल्या गेल्या, खिळे झिजले आणि आतला अस्तराचा कपडा पिचला की मग त्यांचा खरा कस लागतो. तो आता लागून झाला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. ओल्या, शेवाळलेल्या धोंड्यांवरच्या पकडीत रबराला फेल्टची, म्हणजे नमद्यासारख्या दाबलेल्या तंतूंच्या तळाची, सर नाही. तरीही मी फेल्टकडे परत जाणार नाही, आणि त्याचं कारण ट्राउट माशांचे ओढे आहेत.

ज्यांनी फ्लाय फिशिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: यात आमिष नसतं. पिसं, केस आणि दोरा गळावर बांधून कीटकाची नक्कल केलेली असते, तिला फ्लाय म्हणतात. ही फ्लाय जवळजवळ बिनवजनाची असल्यामुळे जड दोरीच्या जोरावर ती फेकावी लागते, आणि नेमक्या जागी पोचवायची तर बहुतेक वेळा पाण्यात उतरावंच लागतं. वेडर म्हणजे छातीपर्यंतची जलरोधक विजार, आणि तिच्यावर हे बूट. त्यामुळे दिवसभर ओढ्याच्या तळाशी सगळ्यात जास्त संबंध कशाचा येत असेल तर तो बुटांचा.

आधी पकडीबद्दल, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. नुसता रबरी तळ, खिळ्यांशिवाय, मला धोकादायक वाटला. कोरड्या काठावर, चिखलात, गवताच्या उतारावर तो फेल्टपेक्षा कितीतरी चांगला. बर्फावरही चांगला, कारण फेल्टला बर्फ चिकटून तळाखाली गोळे होतात आणि चालणं अशक्य होतं. पण पाण्याखाली डायटम या सूक्ष्म शैवालाचा बुळबुळीत थर चढलेला गोल धोंडा आला की रबर सरळ घसरतं. त्यावर उपाय म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे खिळे. मी तळाच्या कडेने आणि टाचेला खिळे बसवले आणि फरक त्याच दिवशी कळला. मऊ, खडबडीत दगडावर खिळा रुततो, पाय थांबतो. कठीण आणि पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या दगडावर मात्र खिळाही ओरखडा काढत सरकतो. तिथे काठीशिवाय मी पाऊल टाकत नाही. आणखी एक गोष्ट: खिळ्यांचा आवाज होतो. उथळ, संथ पाण्यात तो माशांना जाणवतो असं मला वाटतं, म्हणून अशा जागी मी काठावरूनच फेकते.

हंगाम संपेपर्यंत चवड्याखालचे काही खिळे सैल होऊन पडले. आता दर वेळी निघण्याआधी पान्याने सगळे आवळून घेते. हा दोष मी फार मोठा मानत नाही, पण दुकानात हे कोणी सांगत नाही.

मग एवढी पकड सोडून रबर कशासाठी?

फेल्ट म्हणजे दाबून घट्ट केलेले तंतू. हेच तंतू शेवाळावर पकड देतात आणि हेच तंतू पाणी, गाळ आणि डोळ्यांना न दिसणारे जीव धरून ठेवतात. बाहेरून कोरडा वाटणारा फेल्टचा तळ आत कित्येक दिवस ओला असतो. असा बूट एका ओढ्यातून निघून दोन दिवसांत दुसऱ्या ओढ्यात उतरला तर त्याच्यासोबत काय काय उतरतं, हे एकदा समजून घेतलं की फेल्टवरचं प्रेम कमी होतं.

व्हर्लिंग डिसीज या माशांच्या रोगाचंच घ्या. मिक्सोबोलस सेरेब्रालिस नावाचा सूक्ष्म परजीवी याला कारणीभूत आहे. तो मूळचा युरोपातला. 1893 मध्ये जर्मनीत पाळलेल्या रेनबो ट्राउटमध्ये हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला. त्याचं जीवनचक्र दोन प्राण्यांत पुरं होतं. मेलेल्या माशातून त्याचे टणक बीजाणू गाळात जातात. गाळातला ट्युबिफेक्स नावाचा किडा ते गिळतो. त्याच्या आतड्यात परजीवीचं रूप बदलतं आणि नांगरासारखे तीन फाटे असलेले नाजूक बीजाणू पाण्यात सुटतात. ते ट्राउटच्या पिल्लाच्या त्वचेला चिकटतात, आत शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने कूर्चेपर्यंत पोचतात. पिल्लाचा सांगाडा अजून हाडाचा झालेला नसतो, कूर्चेचाच असतो, आणि तीच खाल्ली जाते. पाठीचा कणा वाकतो, शेपूट काळी पडते, पिल्लू स्वतःभोवती गरगर फिरू लागतं. त्याला धड खाता येत नाही, शत्रूपासून पळता येत नाही. युरोपातल्या ब्राउन ट्राउटची या परजीवीशी जुनी ओळख, त्यामुळे ते बरेच तग धरतात. रेनबोला तो बचाव नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या मॅडिसन नदीत 1994 मध्ये हा रोग सापडला, तेव्हा नदीच्या काही भागातले रेनबो सुमारे 90 टक्क्यांनी घटले होते. कॅनडात तो 2016 मध्ये बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातल्या जॉन्सन लेकमध्ये आढळला.

दुसरा त्रास डिडिमोचा. हा एकपेशीय डायटम आहे, पण त्याचे देठ वाढून धोंड्यांवर तपकिरी-पांढरी जाड गादी पसरते आणि ज्या कीटकांवर ट्राउट जगतात त्यांची जागाच बळकावते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर तो 2004 मध्ये सापडला. न्यूझीलंडने 2008 मध्ये मासेमारीसाठी फेल्टच्या तळांवर बंदी घातली. अलास्काने 2012 मध्ये आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने 2018 मध्ये तेच केलं. उलट अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्याने आपली बंदी 2016 मध्ये उठवली. उत्तर अमेरिकेतल्या अनेक नद्यांत डिडिमो आधीपासूनच होता, आणि पाण्यातला फॉस्फरस फार कमी झाला की तो माजतो, असं संशोधकांचं म्हणणं पुढे आलं होतं. मला ते पटतं. पण त्यामुळे ओला, गाळ भरलेला तळ एका नदीतून दुसरीत नेणं योग्य ठरत नाही, कारण तळाला चिकटून येणारा डिडिमो हा एकटाच नाही.

रबराने रोग थांबतो असं समजून बूट घेतलेत तर तेही खरं नाही. माझ्या बुटांच्या तळाला स्वच्छ करायला मिनिटभरही लागत नाही. घाण साचते ती दुसरीकडे: जिभेच्या शिवणीत, नाड्यांच्या विणीत, आणि सगळ्यात जास्त आतल्या सुट्या तळपट्टीखाली. पहिल्या महिन्यातच ती पट्टी उचलून पाहिली तेव्हा टाचेच्या खोलगट भागात ओल्या वाळूचा थर होता, त्यात पानांचे कुजके तुकडे आणि कॅडिस नावाच्या कीटकाच्या अळीचं खड्यांचं घरटं. न्यूझीलंड मडस्नेल नावाची गोगलगाय जेमतेम पाच मिलिमीटरची असते, पिल्लं तर वाळूच्या कणाएवढी. अशा थरात ती नजरेस पडणंच शक्य नाही. तिच्या माद्या नराविना प्रजनन करतात, म्हणजे नवा ओढा व्यापायला एकच पुरेशी. शंखाचं झाकण घट्ट लावून ती प्रतिकूल काळ काढते. ट्राउटने गिळली तरी बऱ्याचदा दुसऱ्या टोकाने जिवंत बाहेर पडते.

म्हणून माझी पद्धत आता अशी आहे. पाण्यातून बाहेर आल्यावर त्याच काठावर कडक ब्रशने सगळा गाळ काढते, तळपट्टी बाहेर काढून खंगाळते, नाड्या सोडते. ही पायरी बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची आहे. व्हर्लिंग डिसीजचे गाळातले बीजाणू टणक असतात, त्यामुळे गाळ सोबत न नेणं हाच त्यावरचा साधा उपाय. घरी आल्यावर भांडी घासायच्या साबणाचं पाच टक्के द्रावण, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत अर्धा लिटर साबण. डिडिमोला ते मिनिटभरात पुरतं, पण बुटांचा कपडा पाणी शोषतो, म्हणून मी जास्त वेळ भिजवते. मग वाळवणं: आत-बाहेर हाताला पूर्ण कोरडे लागल्यावर पुढे आणखी 48 तास. घड्याळ इथून सुरू करायचं असतं आणि बहुतेक लोक ते पाण्यातून बाहेर आल्यापासून मोजतात. गोगलगायीची शंका असलेल्या पाण्यातून आले तर बूट पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये. ब्लीच मी टाळते. त्याने शिवणीचा दोरा आणि चिकटवलेले जोड लवकर जातात, आणि गोगलगाय त्याने मरेलच असं नाही. वेडरलाही गरम पाणी लावत नाही, कारण त्याच्या जोडांवरच्या टेपला ते सोसत नाही.

वाळण्याच्या बाबतीत या बुटांनी मला खरंच जिंकलं. हवेशीर जागेत तळ रात्रीत कोरडा होतो. घोट्याभोवतीचं जाड अस्तर मात्र त्रास देतं. तिथे मी कागदाचे बोळे कोंबते आणि बदलत राहते. पुढचे बूट घेताना सगळ्यात आधी अस्तर पाहीन: जितकं कमी फोम, तितकं चांगलं.

जाळंही बदललं. गाठींच्या नायलॉन जाळ्याऐवजी रबराचं घेतलं. त्यात माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर कमी निघतो, आणि तो थर म्हणजे माशाचं बुरशीपासूनचं संरक्षण. शिवाय जाळं एका हिसक्यात कोरडं होतं. रॉड आणि रीलबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही, पुसून ठेवते.

फ्लाय बांधण्यावरही याचा परिणाम झाला, ते मात्र अनपेक्षित होतं. जॅकेटवर मेंढीच्या लोकरीचा जो तुकडा असतो, त्यात वापरलेल्या फ्लाय टोचून ठेवायची सवय होती. तो तुकडा म्हणजे छोटं फेल्टच. तो काढून टाकला, आता भोकं असलेली रबरी डबी वापरते आणि घरी झाकण उघडं ठेवते. मॅराबूच्या मऊ पिसांचे जाड स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशाची नक्कल करणाऱ्या फ्लाय, पाणी फार धरतात, ते बांधणं कमी केलं. इंग्लंडमधला नदीराखणदार फ्रँक सॉयर याची फेझंट टेल निम्फ, म्हणजे फेझंट पक्ष्याच्या पिसांची, पाण्याखालच्या कीटकाची नक्कल, मला पूर्वीपासून आवडते. त्यात दोरा नसतोच, बारीक तांब्याच्या तारेनेच फेझंटच्या शेपटीचे तंतू बांधायचे आणि तीच तार वजनही देते. बारीक, घट्ट, लगेच वाळणारी. 14 आणि 16 नंबरच्या गळावर मी हीच सर्वाधिक बांधते, गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून, म्हणजे मासा पाण्यातच सोडता येतो. पिसांच्या बाबतीत एक सांगते: शिकारीतून किंवा कुणाकडून मिळालेली कातड्यासकट पिसं थेट बाकीच्या सामानात ठेवू नका. आधी बंद पिशवीत घालून काही दिवस गोठवा, नाहीतर कसर लागून सगळे हॅकल, म्हणजे फ्लायला गुंडाळायची मानेची पिसं, जातील.

मासा खायला ठेवलात तर डोकं आणि आतडी दुसऱ्या पाण्यात टाकू नका. व्हर्लिंग डिसीजचे बीजाणू डोक्याच्या कूर्चेत असतात, आणि गोगलगाय आतड्यात.

बूट कुणी घ्यावेत? एकापेक्षा जास्त ओढ्यांवर जाणाऱ्या प्रत्येकाने, खिळे आणि काठी यांच्यासकट. ज्यांचा तोल वयामुळे किंवा दुखापतीमुळे कच्चा आहे आणि जे वर्षानुवर्षं एकाच ओढ्यावर जातात, त्यांनी तिथे बंदी नसेल तर फेल्ट त्या एकाच पाण्यासाठी राखून ठेवावं, मला त्यात काही गैर दिसत नाही. माझ्या बुटांचा उजवा चवडा आता शिवणीपाशी उसवायला लागला आहे. त्याला चिकटपट्टी लावून हा हंगाम निघेल. पुढच्या वेळी दोन जोड घेणार आहे, म्हणजे एक वाळत असताना दुसरा घालता येईल आणि ते 48 तास कमी करायचा मोह होणार नाही.