ओएसटिकेट: विद्यापीठाच्या संगणक केंद्राला कितपत उपयोगी?

'नेट चालत नाही.' संगणक केंद्राकडे तक्रार येते ती या तीन शब्दांत. मग कुठली इमारत, कुठलं उपकरण, कधीपासून, हे विचारण्यातच दोन दिवस जातात. ओएसटिकेट हे मोफत, मुक्त स्रोत हेल्पडेस्क सॉफ्टवेअर यावर चांगला उतारा आहे. मात्र बसवलं तसंच सोडून दिलं, तर ते नुसतं तक्रारवहीचं काम करतं.

पीएचपी (प्रोग्रॅमिंग भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) असलेला साधा सर्व्हर पुरतो. बसवून झाल्यावर सेटअप फोल्डर काढून टाका.

खरी मेहनत 'हेल्प टॉपिक'वर, म्हणजे तक्रारींच्या विषयांवर, घ्यावी. प्रत्येक विषयाला वेगळा फॉर्म जोडता येतो. एज्युरोम वायफायसाठी (एकाच लॉगिनवर वेगवेगळ्या विद्यापीठांत चालणारं वायफाय) चार रकाने बास: इमारत नि खोली, उपकरण, पूर्ण युजरनेम, स्क्रीनवर आलेल्या एररचा फोटो. 'पूर्ण' हा शब्द मुद्दाम. '@' पुढचा भाग गाळला तर आपल्या आवारात कधीकधी चालून जातं, पण दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर लॉगिन अडतं, कारण पडताळणी कुठल्या संस्थेकडे पाठवायची हे त्या भागावरूनच ठरतं. पासवर्ड लिहू नका, अशी ओळ फॉर्मवरच ठळक टाका (तरी काहीजण लिहितातच).

उत्तराच्या चौकटीवर 'रिप्लाय' आणि 'इंटर्नल नोट' असे दोन टॅब शेजारीशेजारी आहेत. घोळ तिथेच होतो. 'स्विच बदलायला दिलाय' हे नोटमध्ये गेलं की तक्रारदाराला काहीच कळत नाही. उलट, आपसातला शेरा रिप्लायमध्ये गेला तर थेट प्राध्यापकांच्या मेलमध्ये. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच दाखवावं.

तयार उत्तरांची सोय छान, तक्रारदाराचं नावही आपोआप पडतं. पण 'आपली तक्रार निकाली काढली आहे' असलं उत्तर साठवून ठेवण्यात अर्थ नाही. काय केलं आणि आता तक्रारदाराने काय करून बघायचं, या दोन ओळी हव्यात: 'जुनं नेटवर्क फोनमधून 'फरगेट' करा, मग नव्याने जोडा.' बंद तिकिटावर (म्हणजे मिटवलेल्या तक्रारीवर) तक्रारदाराचं उत्तर आलं की ते पुन्हा उघडण्याची मुभाही चालूच ठेवा.

मेलची बाजू मात्र कटकटीची. मेलने आलेल्या तक्रारी ओएसटिकेट मेलबॉक्समधून ओढून घेतं. त्यासाठी क्रॉन (सर्व्हरवर ठरावीक वेळाने आपोआप चालणारं काम) लावला नाही तर फार तर कर्मचारी पॅनेल वापरत असतील तेव्हाच मेल ओढले जातात, म्हणजे शनिवारची तक्रार सोमवारी उगवते. दर पाच मिनिटांचा क्रॉन लावा. गुगल किंवा मायक्रोसॉफ्टचा मेलबॉक्स असेल तर ओऑथचं (पासवर्ड न देता मेलबॉक्स वापरू देणाऱ्या पद्धतीचं) प्लगइनही बहुतेक लागेल.

एकच माणूस दिवसाला पाच-सात तक्रारी बघत असेल, तर एवढा खटाटोप नको. एक सामायिक मेलबॉक्स पुरे.