५९,८९९ रुपयांची वेबसाइट आणि १४ अक्षरांचं बिल

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच लाज वाटून लपवायला नको. ९९ + ३४,५०० + ११,८०० + ७,५०० + ६,०००. बेरीज ५९,८९९. माझा पगार १७,०००. म्हणजे साडेतीन महिने मी फुकट राबलो, तेही ज्याचं खरं नावसुद्धा मला माहीत नाही अशा माणसासाठी.

मी सोलापुरात चादर-टॉवेलच्या एका होलसेल दुकानात हिशेब बघतो. बावीस वर्षं झाली. जीएसटी आल्यापासून दिवसभर बिलं करणं हेच काम. हे का सांगतोय ते पुढे कळेल. कळल्यावर हसाल. हसा.

वेबसाइटची कल्पना मूर्खपणाची नव्हती, हे मी आजही म्हणतो. बाहेरगावचं गिऱ्हाईक रोज फोनवर तेच विचारतं. खरी सोलापुरी कशी ओळखायची? पहिल्या धुण्यात रंग जातो का? टॉवेल पाणी का ओढत नाही? चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरी सोलापुरीच्या नावाखाली कुठला कुठला माल खपतो. या एवढ्याशा विषयावर मराठीत नीट लिहिलेलं मला कुठे सापडलं नव्हतं. एकच छोटा विषय धरून साइट काढायची, शोधत येणारे वाचतील, जाहिराती लागतील, चार पैसे सुटतील. मुलगी बारावीला आहे, क्लासची फी तोंडावर होती. यात हाव कुठे आहे सांगा.

दसऱ्याच्या आसपास मोबाइलवर जाहिरात आली. ९९ रुपयांत दोन तासांचा ऑनलाइन वर्ग. पोरगं तिशीच्या आतलं, बोलणं गोड, पुण्याचा म्हणून सांगितलं. आणि खरं सांगू, त्या दोन तासांत तो एक शब्दही खोटं बोलला नाही. विषय जितका अरुंद तितका बरा. लोक शोधताना कुठले शब्द टाकतात ते आधी बघा. मग डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), वर्डप्रेस (साइट बांधायचं सॉफ्टवेअर), निदान तीस लेख, 'आमच्याबद्दल'चं पान, सर्च कन्सोल (गूगलच्या शोधात साइट कशी दिसते ते सांगणारं साधन), आणि शेवटी गूगलच्या जाहिराती लावून पैसे देणाऱ्या अ‍ॅडसेन्सचा अर्ज. पायऱ्या अगदी बरोबर. आता स्वतः वाचून बघतोय तर हाच क्रम सगळीकडे दिला आहे, तोही फुकट. सांगायचं फक्त एकच ठेवलं होतं, कुठली गोष्ट कोणाच्या नावावर होणार ते.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "काका, तुम्ही चादरीतले जाणकार. कॉम्प्युटरचं झंझट तुम्ही कशाला करताय? ३४,५०० मध्ये सगळं तयार करून देतो." मी रात्रभर विचार केला आणि सकाळी पैसे टाकले. यूपीआयच्या स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. "भागीदार आहेत," म्हणाला. मान्य केलं. दुकानाच्या व्यवहारात मी असं कधीच मान्य करत नाही.

आता त्या बिलाबद्दल.

आठवड्याने म्हणाला, होस्टिंग 'लाइफटाइम'चं घेऊ. १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, ११,८००. बिल मागितलं. लगेच पीडीएफ आली. लोगो, सही, शिक्का, सगळं. मी ती दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडली. शेजारच्या खिडकीत मी स्वतः करत असलेलं बिल उघडं होतं. दोन बिलं एका पडद्यावर, शेजारी शेजारी! माझ्या बिलात आमचा जीएसटी नंबर २७ने सुरू होणारा, १५ अक्षरांचा. त्याच्या बिलातही २७च, पण अक्षरं १४. बावीस वर्षांचा हिशेबनीस, आणि मोजली नाहीत. बरं, ते राहू द्या. माणूस पुण्याचा, मी सोलापूरचा, म्हणजे राज्यातल्या राज्यातला व्यवहार. कर नऊ-नऊ टक्के, राज्याचा आणि केंद्राचा, असा दोन ओळींत यायला पाहिजे. त्याच्या बिलावर एकच ओळ होती: आयजीएसटी १८ टक्के, म्हणजे परराज्यातल्या व्यवहाराचा कर. ही चूक दुकानातल्या नव्या पोराने केली तर मी त्याला बिल फाडून परत करायला लावतो. आणि मी काय केलं? "बिल मिळालं, धन्यवाद," असं टाइप केलं. पुढे हात जोडल्याचं चिन्हही टाकलं.

त्या क्षणी चहा आला होता. मालकांचा फोन वाजत होता. दिवाळीचा माल जायचा होता. कारणं खूप आहेत माझ्याकडे. नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. तुम्ही टाका. कुठल्याही बिलाचा टाका.

साइट झाली. लेख तीस आले, मोजून. पहिला उघडला: "सोलापूर पत्रके थंड पाण्यात धुवावीत." पत्रके! इंग्रजीतल्या शीटचं मशीनने पत्रक केलं होतं. दुसऱ्या लेखात "हरियाणातील आपले सोलापूर शहर". म्हणजे पानिपतच्या ब्लँकेटवरचा कुणाचा तरी लेख उचलून गावाचं नाव तेवढं बदललेलं. मी तक्रार केली तर म्हणाला, "काका, गूगलला भाषा नाही, कीवर्ड लागतात." हे मात्र मला पटलं नव्हतं. तरी गप्प बसलो, कारण तेव्हा ४६,३९९ रुपये गेलेले होते आणि एवढे गेल्यावर माणूस भांडत नाही, पुढचे देतो. 'आमच्याबद्दल'साठी माझा फोटो मागितला, "खरा माणूस दिसला पाहिजे" म्हणून. खांद्यावर मोराची नक्षी असलेली चादर टाकून दुकानातच काढला आणि पाठवला.

मग 'अ‍ॅडसेन्स अप्रूव्हल फी' ७,५००. ऐका, अ‍ॅडसेन्सला अर्ज करायला एक पैसा लागत नाही आणि मंजुरी कोणाला विकता येत नाही. ती मागणारा चोर. मग 'बॅकलिंक'चे, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांचे, ६,०००. आणि खरोखर गर्दी वाढली! दिवसाला अठराशे लोक. मी बायकोला दाखवलं. नंतर एका भाच्याने नीट उघडून पाहिलं तर निम्म्याहून जास्त वाचक अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नचे, दोन सेकंद थांबून जाणारे. अ‍ॅशबर्न म्हणजे डेटा सेंटरचं गाव. टेरी टॉवेलचं तिथे कोणाला काय पडलंय? भाचा म्हणाला, "मामा, ही माणसं नाहीत."

कमाईचे स्क्रीनशॉट यायचे. १२ डॉलर, मग ४३. मी कुठेतरी वाचलं होतं की १० डॉलर झाले की गूगल पत्ता तपासायला पोस्टाने पिन पाठवतं. पोस्टमनला तीनदा विचारलं. पत्र येणार कुठून? जाहिराती त्याच्या खात्याच्या होत्या. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी (ads.txt) टाकलं की प्रकाशकाचा नंबर दिसतो. तो तुमच्या खात्याशी जुळतो का बघा. मला हे कळलं तेव्हा डिसेंबर उजाडला होता.

डोमेन माझ्या नावावर कर म्हटलं, तर "नवीन डोमेन ६० दिवस हलवता येत नाही". हा नियम खराच आहे, एका कंपनीकडून दुसरीकडे नेताना लागतो. पण मुळात ते माझ्या खात्यात घेतलं असतं तर हलवायचंच कशाला? डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या पैशाने घ्या. वर्षाला हजाराच्या आसपास पडतं. ६० दिवस संपले तशी १८,००० रुपयांची 'ट्रान्सफर फी' आली. मी नाही म्हटलं. दोन जानेवारीपासून फोन बंद.

१९३०वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदली, पावती क्रमांक मिळाला. हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, काही तासांत. म्हणजे पैसे खात्यात असतील तर अडवता येतात. मी अडीच महिन्यांनी केला.

मग पोलीस ठाणं. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस होते, निम्मा स्टाफ नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या बंदोबस्ताला. पहिल्या दिवशी "साहेब नाहीत". दुसऱ्या दिवशी साहेब होते, वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी एकाने अर्ज वाचला आणि विचारलं, "वेबसाइट मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कुठाय?" मी पत्रकांचा लेख दाखवला. तो खो खो हसला. शेजारच्याला वाचून दाखवला, तोही हसला. मग म्हणाला, दिवाणी बाब आहे, वकील बघा. तिथून सायबरवाल्यांकडे. त्यांनी परत ठाण्यात धाडलं, रक्कम लहान आहे म्हणून. लहान! झेरॉक्सला १४० रुपये गेले, रिक्षाला वेगळे. तीन अर्ज, तीन शिक्के, आणि हातात काय, तर "कळवू". बँकेत गेलो तर काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणाली, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" हो बाई, मीच टाकला. चोराला मीच घर उघडून दिलं, म्हणून ती चोरी नव्हे काय?

पुढे एका वकिलांनी सांगितलं, ठाण्यात फिर्याद घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना लेखी पाठवा, पोस्टाने. पाठवलंय. पोच आली आहे. बाकी काही नाही.

दुकानात सगळ्यांना कळलंच. जुना मित्र म्हणाला, "काय करलालास बे, तुला हिशेब येतो म्हणून आम्ही तुझ्याकडे बिलं तपासायला आणतो!" याला काय उत्तर देणार.

साइट अजून चालू आहे. तीस लेखांच्या जागी आता ऑनलाइन रमीच्या जाहिराती आहेत. 'आमच्याबद्दल'चं पान तेवढं त्याने काढलेलं नाही. रमीच्या पत्त्यांखाली मी उभा, खांद्यावर मोराची चादर, हसतमुख. होस्टिंग कंपनीला सहा मेल केले. सहाव्याला उत्तर आलं: खातेदाराने विनंती करावी.