बाळंतपणानंतर आठ महिने घरची शिकेकाई

आधी निकाल सांगून टाकते: बाळंतपणानंतरची केसगळती शिकेकाईने थांबत नाही. तरी आठ महिन्यांनंतरही डबा भरलेला आहे, त्याची कारणं वेगळी.

गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, त्यामुळे एरवी गळून गेले असते ते केसही डोक्यावर टिकतात आणि वेणी जाड होते. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं आणि हे राहिलेले केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ती अवस्था साधारण तीन महिन्यांची, म्हणून पुंजके हातात येतात ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. 'बाळ ओळखायला लागलं की केस गळतात' म्हणतात. वेळ बरोबर, कारण चूक. बहुतेकींची गळती सहा महिने ते वर्षभरात आपोआप कमी होते. त्यामुळे चौथ्या महिन्यात आणलेलं कुठलंही तेल आठव्या महिन्यात गुणकारी ठरतं!

म्हणून किती केस गळले यावरून पारख करू नका, किती तुटले ते बघा. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असते, तुटलेल्याला नसते. फरक पडला तो या तुटण्यात, गुंत्यात आणि टाळूच्या कोरडेपणात.

प्रमाण असं: शिकेकाई 100 ग्रॅम, आवळकाठी 50 ग्रॅम, बिया काढलेला रिठा 50 ग्रॅम, सगळं भरड कुटून. खांद्याखालपर्यंतच्या केसांना दोन मोठे चमचे भरड अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी मंद आचेवर दहा मिनिटं उकळायची, कोमट झाली की कुस्करून मलमलीतून गाळायची. चहाच्या गाळणीवर भागवू नका. कण टाळूला चिकटतात, खाज सुटते आणि लोक त्यालाच कोंडा समजतात. तयार पावडरीचा लगदा थेट चोळणं तर त्याहून वाईट; ओला केस आधीच नाजूक, त्यात हे घासणं. रिठा वाढवला तर फेस छान येतो, पण केस काथ्यासारखे होतात. आणि डोळ्यांत गेला तर विचारूच नका, म्हणून डोकं मागे टाकूनच धुवा.

धुण्याआधी तासभर खोबरेल, एक-दोन चमचेच. वाटीभर थापलं तर ते काढ्याने निघत नाही, मग दोनदा धुवावं लागतं आणि सगळा फायदा तिथेच जातो. उरलेला काढा फ्रीजमध्ये दोन दिवस, आंबूस वास आला की मोरीत.

तोटा एकच, पण मोठा: वेळ. तान्हं बाळ असताना हा खटाटोप आठवड्यातून दोनदा जमणं अवघड. नाही जमलं त्या दिवशी सौम्य शाम्पू लावा, काही बिघडत नाही. केस वाळवायला धुरी घेत असाल तर बंद खोलीत निखारे मात्र नकोत.

डोक्याला वरून लावण्यापेक्षा पोटात काय जातं ते महत्त्वाचं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायच्या असतात, आणि त्या चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतल्या तर नीट शोषल्या जात नाहीत. अळिवाचे लाडू जरूर खा, पण गोळीऐवजी नाही. वर्ष उलटूनही भांग रुंदावत असेल, थकवा असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासून घ्या. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर तपासणीआधी सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकतात. अंगावर पाजत असताना मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कपाळावर उभे राहिलेले आखूड केस बघून घाबरू नका. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढणारे ते नवे केस आहेत, घट्ट वेणीत ओढू नका.

शेवटचं, केसांपेक्षा बाळासाठी: गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रुतू शकतो. दुपटं बदलताना बोटं बघत जा, आणि कारण न कळता बाळ रडत असेल तर आधी मोजे काढा.