अँटिव्हायरस की ब्राउझर: पासवर्ड कुणाच्या हाती द्यायचा?

होमस्टेचं बुकिंग पाहायला किंवा आंब्याच्या ऑर्डरी घ्यायला लॅपटॉप उघडावा, लॉगिन करावं, तर लगेच दोन चौकटी समोर येतात. ‘पासवर्ड सेव्ह करायचा का?’ हे क्रोम ब्राउझर विचारतो आणि अँटिव्हायरसही विचारतो. घाईत आपण दोघांनाही हो म्हणतो. पुढे कधीतरी पासवर्ड बदलतो, एकीकडे जुनाच राहतो आणि ऐन सीझनमध्ये तोच भरला जाऊन खातं लॉक होतं. त्यामुळे हो एकालाच म्हणा. कुणाला, ते मशीनवर कोण कोण बसतं यावर ठरवा.

मशीन तुमचं एकट्याचं असेल, तर क्रोम पुरेसा आहे. नवीन काही शिकावं लागत नाही आणि गूगल खातं जोडलेलं असलं की तेच पासवर्ड मोबाइलवरही मिळतात. अडचण काउंटरवरच्या लॅपटॉपची. साठवलेला पासवर्ड वाचायचा असेल तर क्रोम विंडोजचा पिन मागतो, पण लॉगिनच्या पानावर तो सहसा न विचारता भरून टाकतो. पाहुण्याला तिकिटाची प्रिंट काढायला लॅपटॉप दिलात, तर तुमची खातीही त्याच्यासमोर उघडी असतात. शिवाय पासवर्ड चोरणारे व्हायरस आधी ब्राउझरच धुंडाळतात.

अँटिव्हायरससोबत येणाऱ्या पासवर्ड मॅनेजरला, म्हणजे पासवर्ड साठवणाऱ्या तिजोरीला, स्वतःचं कुलूप असतं. ते उघडणारा एक मास्टर पासवर्ड, आणि थोडा वेळ हात लावला नाही की ते आपोआप बंद होतं. चार जण हाताळतात त्या मशीनवर मी यालाच मत देईन. पण दोन गोष्टी आधी तपासा. वर्गणी संपल्यावर साठवलेले पासवर्ड बाहेर काढता येतात का? आणि मास्टर पासवर्ड विसरला तर पुढे काय? बऱ्याच कंपन्या तो परत देऊ शकत नाहीत, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. तो दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. 2023 च्या जानेवारीत नॉर्टन या अँटिव्हायरस कंपनीने आपल्या हजारो ग्राहकांना कळवलं होतं, की इतर ठिकाणांहून फुटलेले पासवर्ड वापरून कुणीतरी त्यांच्या खात्यांत शिरलं आहे. वर्गणीत अडकायचं नसेल तर बिटवॉर्डन हा वेगळा पासवर्ड मॅनेजर फुकट मिळतो.

पासवर्ड वहीत लिहिणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, पण 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा वह्या आणि संगणक दोन्ही गेले. कागदावर फक्त मास्टर पासवर्ड लिहा. एक प्रत घरात उंचावर, दुसरी मुंबईच्या भावाकडे.

दोन्ही पर्यायांचा एक मोठा फायदा मात्र कुणी सांगत नाही. साठवलेला पासवर्ड साइटच्या पत्त्याशी बांधलेला असतो. बँकेचं हुबेहूब नकली पान तुमच्या डोळ्यांना फसवेल, पण पत्ता वेगळा असल्याने तिथे पासवर्ड आपोआप भरला जाणार नाही. रोज भरली जाणारी चौकट आज रिकामी दिसली, तर हाताने टाइप करू नका. आधी वरचा पत्ता अक्षर अक्षर वाचा.

पासवर्ड मागणाऱ्या इतर चौकटींचं थोडक्यात. काही इन्स्टॉल करताना स्क्रीन मंद करून विंडोज ॲडमिनचा पासवर्ड मागतो. ते काम तुम्हीच सुरू केलं असेल तरच द्या. अँटिव्हायरसची सेटिंग बदलताना मागितला जाणारा पासवर्ड तुम्हीच ठेवलेला असतो. पण ‘व्हायरस सापडला’ म्हणत भोंगा वाजवणारं पान बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड मागत असेल, तर ब्राउझरच बंद करा. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

क्रोम सोडायचं ठरलं की त्यातले पासवर्ड फाइल करून बाहेर काढा आणि नव्या ठिकाणी भरा. मग क्रोममधले पुसा, त्याची विचारणा सेटिंगमधून बंद करा. ती फाइल उघड्या मजकुराची असते, कुणीही वाचू शकतं. काम झाल्यावर ती डिलीट करा आणि रिसायकल बिनही रिकामा करा.